टिळकांचं इयर डाउन

इयर डाउन झालेल्यांच्या यादीत मी एक नाव अभिमानाने घेतो : बाळ गंगाधर टिळक!

सोळाव्या वर्षीच आई-वडील दोघंही गेलेले. मॅट्रिक होऊन १८७३ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले, तेव्हा अगदी किडकिडीत होते. बुद्धी भरपूर, अंगात जोर नाही. मग पठ्ठ्याने ठरवलं, पहिलं वर्ष तब्येतीला द्यायचं. तालीम, कुस्ती, नदीत पोहणं, होडी वल्हवणं आणि दणकून जेवण. लेक्चर्सचं काय झालं असेल, ते लास्ट बेंचवाल्यांना सांगायला नकोच! परीक्षेत नापास झाले, पण शरीर कमावलं. पुढे १८७६ मध्ये गणित घेऊन पहिल्या वर्गात बी. ए., १८७९ मध्ये एलएल. बी.

नापास होण्याचं मला कौतुक नाही, ते आपल्यालाही जमतं. त्यांनी ठरवून एक वर्ष शरीराला दिलं, याचं आहे. आपण वडापाव आणि कटिंगवर नाइट मारून सबमिशन काढतो, आणि तब्येतीचं नोकरी लागल्यावर बघू म्हणतो.

टिळकांची ही कमाई तुरुंगात कामी आली. १८९७ मध्ये राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा, १९०८ मध्ये सहा वर्षांची. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मंडालेचा तो उन्हाळा, त्यात मधुमेह. (व्यायामाने तो काही टळला नाही, हेही खरं.) तिथेच १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढलं. १९१२ मध्ये पत्नी गेल्याची बातमी कोठडीतच कळली. १९१४ मध्ये सुटले, आणि १९१६ मध्ये साठीला टेकलेला हा माणूस होमरूल लीगसाठी गावोगाव सभा घेत फिरत होता.