मनोऱ्याकडे पाहणारा थॉमस



३ जुलैला आपण प्रेषित संत थॉमस यांचा सण साजरा करतो. एका राजाचा महाल बांधण्यासाठी ते भारतात आले, अशी जुनी परंपरा आहे. त्यामुळे वास्तुकार त्यांना आपले आश्रयदाते मानतात आणि पुतळ्यांत त्यांच्या हाती गुण्या किंवा मोजपट्टी दिसते. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या छपरावर, मध्यभागी असलेल्या टोकदार मनोऱ्याच्या पायथ्याशी, बारा प्रेषितांचे तांब्याचे पुतळे बसवलेले होते. अकरा जण शहराकडे पाहत. थॉमस तेवढा शहराकडे पाठ करून वर मनोऱ्याकडे पाही. त्याचा चेहरा होता मनोरा बांधणाऱ्या वास्तुकाराचा, युजेन व्हियोले-ल-द्युक यांचा.

त्यांचा जन्म २७ जानेवारी १८१४ रोजी पॅरिसमध्ये झाला. लहानपणी घरातल्या एका म्हाताऱ्या नोकराने त्यांना कडेवर घेऊन नोत्र दाममध्ये नेले. गर्दी होती, आणि बाळाची नजर रंगीत काचांच्या गोल खिडकीवर खिळली. तेवढ्यात ऑर्गन वाजू लागला. ती खिडकीच गात आहे असे वाटून मूल इतके घाबरले, की त्याला बाहेर न्यावे लागले. ही आठवण त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. मोठेपणी कलाशाळेत जाण्याचे त्यांनी नाकारले; गावोगाव हिंडून जुन्या इमारतींची चित्रे काढली आणि त्यातूनच विद्या मिळवली.

१८४० साली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, सरकारी वारसा-निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे यांच्यामुळे वेझले येथील संत मरिया माग्दालेनाच्या मठमंदिराचे काम त्यांच्याकडे आले. इमारत कोसळण्याच्या बेतात होती. त्यांनी ती सावरली. मात्र खांबांवरची झिजलेली काही कोरीव शीर्षे काढून त्यांच्या जागी नव्या नकला बसवल्या आणि दर्शनी दारावर नवे शिल्प कोरवून घेतले. त्यांच्या साऱ्या आयुष्याचा वाद येथूनच सुरू होतो.

दगड झिजतो म्हणजे काय होते, हे थोडे समजून घेऊ. पॅरिसची मंदिरे चुनखडीच्या दगडाची आहेत. पावसाचे पाणी हा दगड हळूहळू विरघळवते. कोळशाच्या धुरातला गंधक ओलाव्याशी मिळून दगडाच्या पृष्ठभागाचे जिप्सम करतो. जिथे पाऊस धुऊन काढत नाही तिथे काळी खपली धरते, फुगते आणि एक दिवस संताचे नाक, बोटे, वस्त्राची चूण घेऊन गळून पडते. दगड जोडण्यासाठी आत घातलेले लोखंडी आकडे गंजून फुगतात आणि दगड फोडतात. दुरुस्ती म्हणून सिमेंट भरले, तर ओल आणि क्षार आतच कोंडतात आणि शेजारचा जुना दगड आधी जातो. (आपल्याकडे जुन्या दगडी क्रुसांना हौसेने ऑइलपेंट फासतात, त्यानेही ओल अशीच आत अडकते. हेतू चांगला असतो, एवढेच.)

नोत्र दामची हानी केवळ हवेने केली नव्हती. १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी दर्शनी भागावरचे अठ्ठावीस राजे फ्रान्सचे राजे समजून खाली ओढले. ते होते यहुदाचे राजे, प्रभू येशूचे पूर्वज. पण त्याच्याही आधी, १७७१ मध्ये, मधल्या दारावरच्या अंतिम न्यायाच्या शिल्पाचा खालचा भाग वास्तुकार सुफ्लो यांनी छाटून टाकला होता, मधला खांबही काढला होता. कारण? धार्मिक मिरवणुकीचे छत आत नेता येत नव्हते. क्रांतीला दोष देताना आपण हे सोयीने विसरतो.

१८३१ च्या व्हिक्टर ह्यूगोंच्या कादंबरीने लोकांचे मन वळवले. १८४४ मध्ये व्हियोले-ल-द्युक आणि लास्यूस यांची निवड झाली, पुढच्या वर्षी काम सुरू झाले. लास्यूस १८५७ मध्ये वारले. जोफ्रुआ-दशोम यांच्या हाताखालच्या शिल्पकारांनी इतर कॅथेड्रलांतल्या मूर्ती पाहून राजे पुन्हा घडवले. मधल्या खांबावरचा ख्रिस्त, कबरींतून उठणारे मृत, सारे नव्याने कोरले गेले. १८५९ मध्ये मनोरा उभा राहिला आणि ३१ मे १८६४ रोजी मंदिराचे पवित्रीकरण झाले.

इंग्लंडमध्ये रस्किन यांनी १८४९ सालीच अशा कामाला विरोध केला होता. रोज निगा राखा, टेकू द्या, पण झिजलेले पुन्हा कोरू नका, असे त्यांचे म्हणणे. व्हियोले-ल-द्युक यांना इमारत पूर्ण व्हायला हवी होती, पूर्वी ती कधी तशी नसली तरीही. सेमिनरीत आम्ही थीसियसच्या जहाजाचा जुना प्रश्न सोडवत असू: एकेक फळी बदलली, तर जहाज तेच का? प्रार्थनेपुरते उत्तर सोपे आहे. आपण मान देतो तो ज्याची मूर्ती आहे त्याला, दगडाला नव्हे, नक्कल चालते. पण तेराव्या शतकातल्या पाथरवटाचा हात नक्कलेत येत नाही. आमच्या मते जिथे जुना दगड तग धरू शकत होता, तिथे त्यांनी घाई केली. तरीही ते नसते, तर वेझलेत आज वाद घालायला काही उरले असते की नाही, कोण जाणे.

ज्याने इतकी मंदिरे सावरली, तो स्वतः श्रद्धावंत नव्हता. शेवटची वर्षे स्वित्झर्लंडमध्ये गेली. तेथे लोझानचे कॅथेड्रल त्यांच्या हाती होते. १७ सप्टेंबर १८७९ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार दफन धर्मविधीविना झाले. शंकेखोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रेषिताला त्यांचा चेहरा दिला गेला, हे आम्हाला तरी खटकत नाही.

१९७७ मध्ये पॅरिसमधील एका जुन्या वाड्याच्या आवारात खोदकाम करताना मूळ राजांची एकवीस मस्तके सापडली. काहींवर रंगाचे अंश शिल्लक होते. ती क्लूनी संग्रहालयात आहेत. व्हियोले-ल-द्युक यांना ती कधीच पाहायला मिळाली नाहीत. त्यांनी बसवलेला दगडही पुढे झिजला. २०१७ मध्ये पाणी ओतणाऱ्या काही पडक्या दगडी मुखांच्या जागी प्लास्टिकचे पाइप लावलेले लोकांनी पाहिले.

११ एप्रिल २०१९ रोजी प्रेषितांचे पुतळे दुरुस्तीसाठी क्रेनने खाली उतरवण्यात आले. त्यांत थॉमसही होता. चार दिवसांनी, पवित्र आठवड्याच्या सोमवारी, आग लागली आणि मनोरा कोसळला. नवा कसा असावा यावर पुष्कळ चर्चा झाली, आधुनिक आराखडेही पुढे आले. अखेर व्हियोले-ल-द्युक यांच्याच रेखाटनांप्रमाणे तो पुन्हा लाकडात आणि शिशात उभारला गेला, आणि ८ डिसेंबर २०२४ रोजी त्याच्याखालच्या नव्या वेदीवर पहिला मिस्सा झाला.