शाहू महाराजांचा खंड्या आणि आमच्या मोतीचा तीन फुटी फोटो

कुत्र्याचे लाड कसे करावेत हे साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांकडून शिकावं. (कोल्हापूरचे राजर्षी शाहू वेगळे. हे संभाजीराजांचे पुत्र, शिवरायांचे नातू.) जन्म १६८२ चा. १६८९ मध्ये रायगड पडला आणि सात वर्षांचे शाहू आईसोबत मुघलांच्या कैदेत गेले. सुटका थेट १७०७ मध्ये, औरंगजेब गेल्यावर. पुढच्याच वर्षी साताऱ्यात राज्याभिषेक झाला. त्यांच्या काळात राज्य खूप वाढलं. १७३९ मध्ये आमच्या सांगलीशेजारचं मिरजही आलं.

महाराजांना शिकारीचा भारी नाद. एकदा वाघाच्या तावडीतून कुत्र्याने त्यांना वाचवलं, असं सांगतात. त्याचं नाव खंड्या. महाराजांनी त्याला जहागीर दिली, वर पालखीचा मान! एका दरबारात तर त्याला जरीचे कपडे, दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात हा किस्सा आहे. महाराज १७४९ मध्ये गेले. कृष्णा-वेण्णेच्या काठी, संगम माहुलीला, दोघांच्याही समाध्या आहेत.

पण खंड्या दिसायचा कसा? फोटोग्राफी जगासमोर आली १८३९ मध्ये, म्हणजे महाराजांनंतर ९० वर्षांनी. आमचा मोती आता १३ वर्षांचा आहे, म्हणून त्याच्या मोठ्या प्रिंटचा हिशेब मी आत्ताच केलाय.

साइज २ बाय ३ फूट. इंचाला १५० पिक्सेल धरले तर ३६०० × ५४०० लागतात, साधारण १९ मेगापिक्सेल. पण भिंतीवरचा फोटो आपण लांबून बघतो, तिथे १००ही चालतात. मग २४०० × ३६०० पुरे, आणि १२ मेगापिक्सेलच्या फोनचा ४००० × ३००० चा फोटो त्यात बसतो. अट एकच, फार क्रॉप करायचा नाही.

खरा घात व्हॉट्सॲपवर होतो. नेहमीसारखा पाठवलेला फोटो १६०० पिक्सेलच्या आसपास आकसतो, त्यामुळे फॅमिली ग्रुपवरून उतरवलेले फोटो बाद. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. एआयने पिक्सेल वाढवता येतात, पण ते केस स्वतःच्या मनाने काढतं. मग तो आपला मोती राहत नाही.

आणि फोटो पूर्ण झूम करून डोळे बघा. नाक शार्प आणि डोळे धूसर, हे कुत्र्यांच्या फोटोंत फार होतं. घरातल्या ट्यूबलाइटखाली तर तो जरा हलला की संपलं.

मोतीच्या चार हजार फोटोंतून सहा उरलेत. पाच अंगणातले, सकाळच्या उन्हातले.