विश्लेषण : ‘पॅप’चा अहवाल सदोष आला म्हणजे कर्करोगच का? चाचणीचे जनक पापानिकोलाऊ यांचे आयुष्य काय सांगते?

विडी वळणाऱ्या, शेतात राबणाऱ्या किंवा माळेगाव-मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या सिन्नर तालुक्यातील महिलेच्या हाती ‘पॅप स्मिअर’चा अहवाल येतो आणि त्यात पेशी ‘सदोष’ असल्याचे लिहिलेले असते. घरात लगेच दोन टोकाच्या प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणजे कर्करोग झाला, आता गर्भाशयच काढून टाका. दुसरी म्हणजे काही दुखत नाही ना, मग कशाला नाशिकच्या खेपा घालायच्या? या दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या का आहेत, हे ज्या माणसाच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते त्याच्या आयुष्यातून समजते.

कोण होते पापानिकोलाऊ?

जॉर्ज पापानिकोलाऊ यांचा जन्म १३ मे १८८३ रोजी ग्रीसमधील एव्हिया बेटावरील किमी या गावी झाला. वडील डॉक्टर होते. १९०४ मध्ये अथेन्स विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतल्यावर मुलाने गावात दवाखाना चालवावा, अशी त्यांची इच्छा होती. मुलाचा ओढा मात्र संशोधनाकडे होता. १९१० मध्ये त्यांनी म्युनिकमधून डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी आंद्रोमाखी अर्थात मेरी यांच्याशी विवाह केला. बाल्कन युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून काम केल्यानंतर १९१३ मध्ये हे दाम्पत्य न्यूयॉर्कला पोहोचले. इंग्रजी येत नव्हते आणि खिशात जेमतेम अडीचशे डॉलर होते. पदवीधर डॉक्टरने दुकानात गालिचे विकले, उपाहारगृहात व्हायोलिन वाजवले. मेरी कपड्यांना बटणे शिवत.

शोध कसा लागला?

१९१४ मध्ये त्यांना कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात चार्ल्स स्टोकार्ड यांच्या हाताखाली काम मिळाले. प्रयोगासाठी गिनीपिग मादीचे अंडे नेमके कोणत्या दिवशी तयार होते, हे प्राण्याला न मारता कळायला हवे होते. पापानिकोलाऊ यांनी योनीमार्गातील स्राव काचेच्या पट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा प्रजनन चक्रानुसार पेशींचे रूप बदलत असल्याचे दिसले. १९१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढचा प्रश्न होता, स्त्रियांमध्येही असेच घडते का? त्यासाठी मेरी स्वतः पुढे आल्या. प्रयोगशाळेत विनावेतन मदत करणाऱ्या मेरी सुमारे वीस वर्षे स्वतःच्या पेशींचे नमुने देत राहिल्या. ही चाचणी पतीच्या नावाने ओळखली जात असली तरी तिचा पाया मेरी यांच्या नमुन्यांवर रचला गेला.

१९२५ पासून रुग्णालयातील स्त्रियांचे नमुने तपासताना काही पट्ट्यांवर त्यांना कर्करोगाच्या पेशी दिसल्या. गाठ हाताला लागण्याआधी, त्रास सुरू होण्याआधी रोग ओळखता येईल, हे त्यांच्या लक्षात आले.

विरोध का झाला?

जानेवारी १९२८ मध्ये मिशिगनमधील बॅटल क्रीक येथील परिषदेत त्यांनी निष्कर्ष मांडले, पण दाद मिळाली नाही. तुकडा काढून तपासण्याची म्हणजे बायोप्सीची सोय असताना सुट्या पेशींवर विश्वास का ठेवायचा, असा तेव्हाच्या तज्ज्ञांचा सवाल होता. त्याच सुमारास रुमानियात ऑरेल बाबेश यांनीही स्वतंत्रपणे अशीच पद्धत मांडली होती, तीही मागे पडली. पापानिकोलाऊ जवळपास दहा वर्षे या विषयापासून दूर राहिले.

१९३९ नंतर स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्या साथीने काम पुन्हा सुरू झाले. न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागात दाखल होणाऱ्या महिलांचे नमुने घेतले जाऊ लागले. १९४१ मध्ये शोधनिबंध आणि १९४३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर वैद्यकविश्वाला दखल घ्यावी लागली. १९५० मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला, नोबेल मात्र मिळाले नाही. १९६१ मध्ये ते मायामीतील कर्करोग संशोधन संस्थेची धुरा घेण्यास गेले आणि काही महिन्यांतच, १९ फेब्रुवारी १९६२ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

‘सदोष’ म्हणजे नेमके काय?

पापानिकोलाऊ यांनी अहवालाचे ‘आहे’ आणि ‘नाही’ असे दोनच कप्पे केले नव्हते, त्यांनी पाच वर्ग पाडले होते. पहिल्यात सर्व काही ठीक, पाचव्यात कर्करोग स्पष्ट आणि मध्ये संशयाच्या पायऱ्या. आज १९८८ पासून आलेली ‘बेथेस्डा’ पद्धत वापरली जाते, पण गाभा तोच आहे. गर्भाशयमुखाच्या पेशी एका रात्रीत कर्करोगाच्या होत नाहीत. त्याला साधारणपणे दहा ते वीस वर्षे लागतात. कारण असतो एचपीव्ही हा विषाणू. त्याचा या कर्करोगाशी असलेला संबंध हाराल्ड त्सुर हाउजेन यांनी उलगडला आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हा संसर्ग अतिशय सर्रास आढळतो आणि बहुतेक स्त्रियांचे शरीर तो एक-दोन वर्षांत स्वतःच हटवते. त्यामुळे तो आढळणे हा चारित्र्याचा दाखला नव्हे.

अहवालानंतर पुढे काय?

अहवालात फक्त ‘इन्फ्लमेटरी’ म्हणजे दाह असा उल्लेख असेल, तर तो कर्करोग नव्हे. जंतुसंसर्ग असल्यास त्यावर उपचार होतो. ‘अस्कस’ म्हणजे पेशी किंचित वेगळ्या, पण अर्थ अस्पष्ट. अशा वेळी एचपीव्ही चाचणी करतात किंवा वर्षभराने पुन्हा पॅप. ‘एलसिल’ हा सौम्य बदल असतो. त्यात वय आणि एचपीव्हीचा निकाल पाहून कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी, करायची की लक्ष ठेवायचे हे ठरते. ‘एचसिल’ हा तीव्र बदल असतो, त्यात कॉल्पोस्कोपी टाळून चालत नाही. ‘अस्क-एच’ किंवा ग्रंथींच्या पेशींतील बदल आढळल्यासही तीच पायरी असते.

कॉल्पोस्कोपीत संशयित जागेचा छोटा तुकडा घेतात. कर्करोगपूर्व बदल सौम्य असेल तर बहुधा थांबून पुन्हा तपासणी करतात. तीव्र असेल तर तेवढा भाग गोठवून, उष्णतेने जाळून किंवा विद्युत तारेच्या वेटोळ्याने कापून काढतात. हे उपचार बहुतेकदा भूल देण्याचा मोठा खटाटोप न करता त्याच दिवशी उरकतात आणि गर्भाशय शाबूत राहते. केवळ पॅपच्या अहवालावरून गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे. उपचारानंतरही काही वर्षे तपासणी सुरू ठेवावी लागते.

दुर्लक्ष केले तर?

याचे उत्तर न्यूझीलंडमध्ये मिळाले. ऑकलंडच्या एका रुग्णालयात १९६० आणि ७० च्या दशकांत तीव्र बदल असलेल्या काही स्त्रियांवर पुरेसे उपचार न करता केवळ लक्ष ठेवले गेले. तीस वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ३१ टक्के स्त्रियांना कर्करोग झाला. वेळेत योग्य उपचार झालेल्यांमध्ये हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते.

महाराष्ट्राचा अनुभव काय?

टाटा रुग्णालय आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मदतीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातील सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास केला. २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या पॅपने मात्र तेवढा फरक पडला नाही, कारण पॅप ठरावीक अंतराने पुन्हा करावी लागते. मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी अ‍ॅसिटिक आम्ल लावून केलेल्या साध्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तुलनेसाठीच्या गटातील महिलांची तपासणी न केल्याबद्दल या अभ्यासांवर टीकाही झाली.

हीच आम्ल लावून करायची तपासणी आता राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील महिलांसाठी दर पाच वर्षांनी करणे अपेक्षित आहे. त्यात डाग पांढरा दिसला, तर त्याचाही अर्थ ‘पुढची तपासणी करा’ एवढाच.

सिन्नरकर महिलांनी काय करावे?

अहवालाचा कागद जपून ठेवावा, त्यावरील नेमका शब्द डॉक्टरांकडून समजून घ्यावा आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून घ्यावी. कॉल्पोस्कोपीसाठी नाशिकला जावे लागले, तर एका दिवसाची मजुरी बुडेल. पण पाळीव्यतिरिक्त किंवा संबंधानंतर रक्तस्राव होत असेल, रजोनिवृत्तीनंतर रक्त जात असेल, तर आधीचा अहवाल चांगला असला तरी थांबू नये. पापानिकोलाऊ यांच्या चाचणीने स्त्रीच्या पदरात टाकला तो वेळ. तो वापरला, तरच चाचणीचा उपयोग.