आधी एक टप्पा

सणसरला माझ्या मेहुण्याचे घर आहे. दिवाळीत तिथे गेलो असता त्याच्या धाकट्या मुलाने एक वही माझ्यापुढे ठेवली. त्याने नुकतीच मेकॅनिकलची पदविका घेतली आहे. पाच वर्षांत काय व्हायचे, दहा वर्षांत काय व्हायचे, हे त्याने वहीत रेघा मारून नीट आखले होते. दहाव्या वर्षी स्वतःचा कारखाना. पहिल्या वर्षाचे पान मात्र कोरे होते. फुफा बँकेत अधिकारी होते, तेव्हा त्यांनी हे तपासावे, अशी त्याची अपेक्षा.

मी वही मिटली आणि त्याला मोटारसायकल काढायला सांगितली. इंदापूरच्या रस्त्याने जंक्शनपर्यंत गेले आणि वळले, की वालचंदनगर. ज्यांच्या नावाने ते वसले, त्यांची गोष्ट मला त्याला तिथेच सांगायची होती.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूरला झाला. घर सधन, व्यवसाय कापसाचा आणि सावकारी पेढीचा. मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज पाहून झाले, पण पदवी हाती लागली नाही. रिवाजाप्रमाणे मुलगा पेढीवर बसला, पण तिथे त्याचे मन रमेना. व्याजाचे आकडे मांडण्यापेक्षा काहीतरी उभे करावे, ही त्याची ओढ होती. इथवर त्याची कथा चारचौघांसारखीच आहे.

निराळेपण पुढे दिसते. 1903 च्या सुमारास त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेणाऱ्या लक्ष्मणराव बळवंत फाटकांशी भागीदारी केली. फाटक पूर्वी कारकुनी केलेले. त्यांना काम ठाऊक होते, वालचंदांच्या घराण्याला बाजारात पत होती. सुरुवात झाली ती बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे या काही मैलांच्या टप्प्यापासून. ही अडीच फुटी रुळांची गाडी. माती टाकायची, मजूर सांभाळायचे, मुदतीत काम पुरे करायचे. एका सावकाराच्या मुलासाठी त्यात मिरवण्यासारखे काहीच नव्हते.

पण ते टप्पे पुरे होत गेले आणि पुढची कामे मिळत गेली. पुढे बोरघाटातले बोगदे आले, तानसा तलावातून मुंबईला येणारी जलवाहिनी आली. 1919 साली नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांबरोबर ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची लॉयल्टी ही बोट घेऊन सिंदिया कंपनी निघाली. 5 एप्रिलला बोट मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज देशभर सागरी दिन म्हणून पाळला जातो. मग नाशिक जिल्ह्यात रावळगाव, आणि 1934 मध्ये इथे, नीरेच्या काठी कळंबच्या माळावर साखर कारखाना. 1940 मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, 1941 मध्ये विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी, 1944 मध्ये मोटारींसाठी प्रीमियर.

येडशीच्या मातीत उभ्या असलेल्या तरुणाच्या वहीत विमान लिहिलेले असणे शक्यच नव्हते. तेव्हा राइट बंधूंचेही उड्डाण झालेले नव्हते किंवा जेमतेम होत होते. आपण काय करणार नाही आणि कोणत्या जातीचे काम करणार, एवढे त्याने ठरवले होते. बाकीची ध्येये हातातल्या कामातून उगवली.

सगळी फळाला आली असेही नाही. 1923 मध्ये ब्रिटिश कंपनीशी करार करून सिंदियाला स्वतःवर मर्यादा घालून घ्यावी लागली. विमानांचा कारखाना 1942 मध्ये सरकारच्या ताब्यात गेला. गोदीतले जलउषा हे जहाज 1948 मध्ये पाण्यात उतरलेले मात्र त्यांना पाहता आले. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

पोराने सगळे ऐकले आणि रास्त शंका काढली. शेटजींच्या मागे पेढी होती. आमच्यामागे दोन एकर ऊस आणि सोसायटीचे कर्ज. आता काय सांगायचे? बँकेत अशी किती मुले माझ्यासमोर बसून गेली. कल्पना चांगली, तारण नाही, म्हणून मी कागद परत केले. नियमाने ते बरोबर होते. तरी त्यांतले काही चेहरे अजून आठवतात.

म्हणून मी त्याला म्हटले, की तू वालचंद होऊ पाहू नकोस, आधी फाटक हो. त्या भागीदारीत भांडवल नसलेला माणूसही होताच, आणि त्याच्यावाचून ती उभी राहिली नसती. त्याची पुंजी एकच होती: काम येत होते. साखर कारखान्याच्या मशिनरीतली एखादी गोष्ट, गिअर म्हण, पंप म्हण, अशी शिक की पंचक्रोशीत बिघाड झाला तर तुझे नाव निघावे. मग पतवाला माणूस तुला शोधत येईल, किंवा निदान तू त्याच्या दारात गेलास तर तो बसायला सांगेल. हे नक्की घडेलच, असे वचन मी दिले नाही. बँकेतल्या माणसाने तसे देऊही नये.

सणसरला परतेपर्यंत दिवेलागण झाली होती. पोराने वही उघडली. दहाव्या वर्षाचा कारखाना त्याने खोडला नाही, मीही खोडायला सांगितले नाही. त्याने फक्त पहिल्या वर्षाच्या कोऱ्या पानावर एक ओळ लिहिली: कोणाच्या हाताखाली आणि काय शिकायचे.