हिल्मा आफ क्लिंट : काळाच्या पुढची चित्रकर्ती

अमूर्त चित्रकलेचा आरंभ म्हटला की आपल्याला वासिली कांडिन्स्की आणि १९१० नंतरचा काळ आठवतो. त्याआधीच स्वीडनमधील एक स्त्री या वाटेने निघाली होती, हे लक्षात घ्या.

हिल्मा आफ क्लिंट यांचा जन्म १८६२ मध्ये स्टॉकहोमजवळ एका नौदल अधिकाऱ्याच्या घरी झाला. १८८२ ते १८८७ या काळात त्यांनी तेथील शाही कला अकादमीत शिक्षण घेतले. निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे हे त्यांच्या उपजीविकेचे साधन होते. धाकट्या बहिणीच्या मृत्यूनंतर त्यांचा अध्यात्माकडील ओढा वाढला. चार मैत्रिणींसह त्यांनी ‘पाच जणी’ हा साधनागट स्थापन केला.

याच साधनेतून १९०६ ते १९१५ दरम्यान ‘मंदिरासाठी चित्रे’ ही १९३ चित्रांची निर्मिती झाली. मध्यंतरी दृष्टी गमावलेल्या आईच्या शुश्रूषेसाठी हे काम चार वर्षे थांबले होते. त्यांतील १९०७ ची दहा भव्य चित्रे तीन मीटरहून उंच आहेत. बाल्यापासून वार्धक्यापर्यंतचा मानवी प्रवास त्यांत वर्तुळे, सर्पिल रेषा आणि पाकळ्यांच्या आकारांतून साकारतो.

आपला काळ या चित्रांना समजून घेणार नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणून मृत्यूनंतर वीस वर्षे ती दाखवू नयेत, असे त्यांनी सांगून ठेवले. १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर चित्रे प्रथम लोकांसमोर आली ती १९८६ मध्ये, लॉस एंजेलिस येथे. तोवर अमूर्त कलेचा इतिहास त्यांच्याविना लिहून झाला होता.

आता आपणच विचार करा : जे प्रदर्शित झाले नाही, त्याला इतिहासात कोणते स्थान द्यावे?