बेडकाच्या हृदयातला निरोप्या

रेल्वेलाइनच्या कडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’, ‘मर्दानी कमजोरी’ अशा जाहिराती तुम्ही कितीदा वाचल्या असतील! मित्रांनो, त्या वाचून पोटात गोळा आला असेल, तर आज ओटो लोवींना भेटा.

१८७३ मध्ये फ्रँकफर्टच्या ज्यू घरात जन्म. शिकायचा होता कलेचा इतिहास. घरच्यांनी घातलं मेडिकलला. (ओळखीचं वाटतंय ना?) पुढे ते ऑस्ट्रियात ग्राझ विद्यापीठात औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले. मज्जातंतू अवयवाला निरोप कसा देतात, हा तेव्हाचा मोठा वाद होता. बहुतेकांचं मत होतं, विजेनं.

ईस्टरच्या आदल्या रात्री लोवींना स्वप्नात एक प्रयोग सुचला. अर्धवट झोपेत त्यांनी तो कागदावर खरडला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! अख्खा दिवस तळमळीत गेला. दुसऱ्या रात्री तीनला पुन्हा तेच स्वप्न. या वेळी गडी कागदाच्या नादाला लागलाच नाही, थेट प्रयोगशाळेत. बेडकांची दोन हृदयं घेतली. पहिल्याची व्हेगस नस चेतवली, ठोके मंदावले. त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. वेग वाढवणारी नस चेतवून काढलेल्या द्रावणानं दुसऱ्याचाही वेग वाढला. म्हणजे निरोप रसायनं नेत होती. १९२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मंदावणारं रसायन होतं अ‍ॅसिटिलकोलीन.

ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरची ही जोडी तुमच्या कमरेखालीही आहे, फक्त कामं उलटी. मन निवांत असलं की तिथल्या नसा नायट्रिक ऑक्साइड आणि अ‍ॅसिटिलकोलीन सोडतात, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त भरतं, ताठरता येते. भीती वाटली की नॉरअ‍ॅड्रिनलिन त्याच वाहिन्या आवळतं. मेंदूत डोपामिन इच्छा पुढे रेटतं, सेरोटोनिन बहुधा लगाम खेचतं. म्हणून नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी वीर्यपतन लांबतं. (गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगायचं.) टेन्शनमध्ये एखाद्या वेळी शरीरानं साथ दिली नाही, तर त्यात ‘कमजोरी’ कसली? नॉरअ‍ॅड्रिनलिननं आपलं काम केलं, इतकंच. वारंवार होत असेल तर डॉक्टर गाठा. कधी कधी मागे मधुमेह किंवा रक्तवाहिन्यांचा आजार निघतो. तंबूतल्या वैदूला तो कळणार नाही.

१९३६ मध्ये मित्र हेन्री डेल यांच्यासोबत लोवींना नोबेल मिळालं. दोनच वर्षांनी नाझी ऑस्ट्रियात घुसले आणि लोवींना मुलांसकट अटक झाली. जिवाची खात्री नव्हती. तरी कोठडीतून त्यांनी काय केलं? शेवटच्या प्रयोगाचा निष्कर्ष पोस्टकार्डावर लिहून एका विज्ञानपत्रिकेला पाठवला. देश सोडायची परवानगी मिळाली, पण नोबेलचे पैसे नाझींच्या हवाली केल्यावरच. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले, तिथेच शिकवत राहिले आणि १९६१ च्या नाताळच्या दिवशी गेले.

नायट्रिक ऑक्साइडसारखा वायूसुद्धा शरीरात निरोप्या असू शकतो, हे त्यांना पाहायला मिळालं नाही. त्या शोधाचं नोबेल १९९८ चं.