उजेडाची टिचकी

माठ घेताना आपण काय करतो? टिचकी मारून बघतो. आवाज बद्द आला की समजायचं, आत कुठेतरी चीर आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी अशीच टिचकी मारली, पण उजेडाची! आमच्या भंडाऱ्याच्या बचत गटात मी असं सांगते, तेव्हा बायकांना ते चटकन पटतं.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तिरुचिरापल्लीचा. सरकारी हिशेब खात्यात मोठ्या हुद्द्याची नोकरी. १९१० मध्ये ते आपल्या नागपुरातही होते. पण जीव सगळा विज्ञानात. कोलकात्याला कचेरीच्या आधी आणि नंतर प्रयोग चालायचे. शेवटी १९१७ मध्ये नोकरी सोडून कमी पगारावर ते प्राध्यापक झाले.

२८ फेब्रुवारी १९२८. पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला, तर विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून येतो, हे त्यांना आणि के. एस. कृष्णन यांना दिसलं. आतले अणू एकमेकांशी कसे जोडलेत, कसे थरथरतात, हे त्या बदलावरून कळतं. घट्ट स्फटिकाचंही अंतरंग न फोडता उलगडतं. हिरा खरा की खोटा, हे आजही या पद्धतीने तपासता येतं. १९३० मध्ये नोबेल मिळालं. २८ फेब्रुवारी आपण विज्ञान दिन पाळतो, तो यासाठीच.

पण एक गोष्ट मला सलते. १९३३ मध्ये रामन बंगळूरच्या विज्ञान संस्थेचे संचालक होते. मुंबई विद्यापीठात पहिली आलेली कमला भागवत तिथे गेली, तर मुलगी म्हणून त्यांनी तिला प्रवेश नाकारला. कमलाताई हटल्या नाहीत. वर्षभर पारखून घेण्याच्या अटीवर त्यांना घेतलं. त्यांचं काम बघून रामन यांचं मत बदललं आणि पुढे इतर मुलींनाही दार उघडलं. याच कमला सोहोनींनी १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. १९४० मध्ये रामन यांच्याच प्रयोगशाळेत ॲना मणी हिरे आणि माणकांवर काम करू लागल्या.

२१ नोव्हेंबर १९७० रोजी रामन गेले. त्यांचं मोठेपण मी मानतेच, पण त्यांची चूकही मुलींना सांगते. बारावीनंतर पोरीला घरी बसवायला निघालेले आईबाप भेटले, की म्हणते, अहो, एक वर्ष तरी शिकू द्या. नुसतं वरून बघून आतलं कसं कळणार?